वहिनींच्या वहीतले उणे आकडे

आदरणीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावर विराजमान झालेले प्रमुख पाहुणे, वादक संघाच्या कार्यकारिणीचे सन्माननीय सदस्य, सभागृहात जमलेले वादक, गायक, साउंडवाले, लाइटवाले, छत्तीस वर्षं आमचे कार्यक्रम उभं राहून ऐकणारे आणि आज पहिल्यांदाच खुर्चीवर बसलेले आमचे श्रोते, मागच्या तीन रांगांत बसलेल्या माझ्या शनिवारच्या वर्गातल्या विद्यार्थिनी, आणि आजच्या सत्कारमूर्ती, आपल्या सर्वांच्या कीबोर्डवादक आणि माझ्या एकटीच्या वहिनी, आपणां सर्वांना माझा सविनय नमस्कार.

अध्यक्षांनी मला सात मिनिटं दिली आहेत. त्यांच्यासमोर घंटी ठेवलेली मला दिसते आहे. अध्यक्ष महाशयांनी चाळीस वर्षं ट्रम्पेट वाजवला, तेव्हा दुसऱ्याचं बोलणं बंद पाडण्याचा त्यांना दांडगा सराव आहे. पण महाशय, नणंदेनं भावजयीबद्दल बोलायचं आणि तेही सात मिनिटांत? घरी एवढा वेळ आम्हाला विषयाला हात घालायला लागतो. घंटी वाजली आणि मी थांबले नाही, तर बाई ऐकण्यात कमी आहे असं समजून घ्यावं, ही नम्र विनंती.

दुसरी गोष्ट म्हणजे, माझा स्वभाव संशयी आहे. माझा भाऊ, म्हणजे आमच्या बँडचा गिटारवाला, ज्याला मी दादा म्हणते, तो म्हणतो, "लोकांचं दुधानं तोंड पोळतं म्हणून ते ताक फुंकून पितात. ही पाणीसुद्धा फुंकून पिते." खरं आहे. कुणी माझी स्तुती केली की याला काय हवंय, हा प्रश्न मला आधी पडतो. कुणी नाही केली तर याचे माझ्याविषयी कुणी कान भरलेत, हा पडतो. अशा बाईला सत्काराचं भाषण करायला सांगणं हे धाडसच आहे, आणि ते ज्यांनी केलं त्यांच्याविषयीही मला थोडा संशय आहेच.

असो. आज वहिनींविषयी बोलायचं.

वहिनींचे वडील पियानो जुळवायचे. शाळांचे, हॉटेलांचे, मोठ्या लोकांच्या दिवाणखान्यांतले. हातात एक लोखंडी पाना, खांद्याला कातडी पिशवी. सोबत नऊ वर्षांची मुलगी. वडील आत वाकून तार ताणायचे आणि ही बाहेर बसून एकच की दाबत राहायची. एकच की, अर्धा अर्धा तास. "झालं का?" वडील आतून विचारायचे. "अजून नाही." "आता?" "केसभर कमी आहे, बाबा." ते आणखी केसभर ताणायचे. हे मला वहिनींनी सांगितलेलं नाही, त्यांच्या आईनं सांगितलंय. वहिनी स्वतःबद्दल काही सांगत नाहीत, आणि जो माणूस स्वतःबद्दल काही सांगत नाही त्याच्यावर मी डोळा ठेवते.

पुढे त्यांनी एका हॉटेलच्या लॉबीत सात वर्षं पियानो वाजवला. लोक चहा पिताहेत, वर्तमानपत्र चाळताहेत, आणि कोपऱ्यात ही मुलगी कुणाच्या बोलण्यात अडथळा येणार नाही अशा बेतानं वाजवतेय. दादा तिथे लाउडस्पीकर दुरुस्त करायला गेला. एक लाउडस्पीकर दुरुस्त व्हायला त्याला अडीच महिने लागले. त्यात काय बिघडलं होतं हे त्यानं आजतागायत सांगितलेलं नाही.

तेव्हा आमचा बँड तिघांचा होता. दादाची गिटार, ड्रमवर ढोल्या, जो आज पहिल्या रांगेत दोन खुर्च्या अडवून बसला आहे, आणि गायला मी. आम्ही जे वाजवायचो त्याला वर्तमानपत्रवाले पर्यायी रॉक म्हणायचे, शेजारचे गोंगाट म्हणायचे आणि आई म्हणायची, "काहीही म्हणा, दार लावून म्हणा." त्या तिघांत ही चौथी आली. लग्न झालं आणि पंधराव्या दिवशी दादा म्हणतो, उद्यापासून ही पण वाजवणार. मी म्हटलं, काय वाजवणार? चहा पिताना वाजतं ते?

वहिनी उठून बाहेर गेली. (मघापासून "त्यांनी", "त्या" म्हणायचं मी ठरवून आले होते. दोन परिच्छेद निभावलं. आता नाही जमत, माफ करा.) तिनं घरातलं इस्त्रीचं टेबल आणून तालमीच्या खोलीत उघडलं, त्यावर आपला जुना कीबोर्ड ठेवला, त्याची वायर दादाच्या फाटक्या गिटार अँपमध्ये खुपसली आणि खालच्या बाजूची एक की दाबली. दाबली आणि सोडलीच नाही. खोलीच्या खिडक्या घुमायला लागल्या. ढोल्याच्या हातातून काडी पडली. चार मिनिटांनी तिनं बोट उचललं आणि मला विचारलं, "यावर गाशील?"

आपण सगळे ज्याला लिफ्टचं गाणं म्हणता, बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या चार माणसांचं, ते त्या दिवशी जन्माला आलं. खाली तिचा तो एकच सूर, आणि शेवटच्या ओळीत मी वर वर चढत जाते, इतकी वर की पुढच्या रांगेतली माणसं मान वर करून बघतात. पाच अल्बम झाले, नऊशेच्या वर कार्यक्रम झाले, इस्त्रीच्या टेबलाचे पाय दोनदा वेल्ड करून झाले, कीबोर्ड व्हॅनच्या पायरीवरून पडला तेव्हा हिनं केसातली पिन काढून त्याच्या अकरा कीज रस्त्याच्या कडेला बसून नीट केल्या. पण कुठेही जा, लोक शेवटी लिफ्टच मागायचे. आणि खरं सांगू? त्या टाळ्या नक्की कुणाला, हा संशय मला पहिल्या दिवसापासून होता. मी जीव काढून वर चढायचे आणि ही बाई चार मिनिटं एका कीवर बोट ठेवून उभी!

घंटी वाजली वाटतं. नाही, कुणाचा तरी फोन आहे. घ्या, घ्या, महत्त्वाचा असेल.

तर, आता मूळ गोष्ट. ती सांगायला मी आले आहे, आणि सांगेन की नाही हे मला इथे उभी राहीपर्यंत माहीत नव्हतं.

मी सत्तेचाळीस वर्षांची होते. कार्यक्रम छान चाललेला, शेवटी लिफ्ट. शेवटच्या ओळीला मी वर गेले आणि तिथे काहीच नव्हतं. जिना उतरताना अजून एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं झालं. मी पटकन माइक लोकांसमोर धरला, लोकांनी ओळ गायली, टाळ्या पडल्या. कुणाच्या लक्षातही आलं नाही, असं मला वाटलं. घरी जाऊन आरशासमोर तोंड उघडून घसा बघत बसले. आवाज म्हणजे माझं सगळं होतं हो. मला दुसरं काही येत नाही. ढोल्याला निदान स्कूटर दुरुस्त करता येते.

आणि चमत्कार बघा. पुढच्याच कार्यक्रमात आवाज परत! शेवटची ओळ अशी सहज गेली की मलाच आश्चर्य वाटलं. मधल्या तीन आठवड्यांत मी वाफ घेतली होती, मिठाच्या गुळण्या केल्या होत्या, तिखट बंद केलं होतं, दिवसातून दोन तास मौन पाळलं होतं. म्हटलं, जमलं! गेलेला आवाज मी परत आणला. मग काय विचारता? मासिकाला मुलाखत दिली. मथळा होता, "आवाज टिकवण्याचं रहस्य". चार वर्षांनी दर शनिवारी वर्ग सुरू केला. वाफ किती मिनिटं, गुळणी किती कोमट, मौन कसं पाळायचं. त्या वर्गातल्या बायका आज मागे बसल्या आहेत. गुळण्या करून करून बिचाऱ्यांचे गाल सुटले असतील.

आता त्याच काळात आमच्या बँडमध्ये काय चाललं होतं ते ऐका आणि तुम्हीच सांगा, माणसानं संशय घ्यावा की नाही?

एक तर दादा कार्यक्रमाच्या आधी गिटार घेऊन बाथरूममध्ये जायला लागला. गिटार घेऊन! दार आतून बंद. विचारलं तर म्हणे, "तिथे शांत वाटतं." मी खोलीत शिरले की बोलणं थांबायचं. ढोल्या, ज्याच्या पोटात आजवर काही राहिलेलं नाही, तो माझ्याकडे बघून खिडकीतली हवा कशी आहे ते सांगायला लागायचा. आणि वहिनी? वहिनीनं एक नवाच खेळ काढला. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी चहा घेताना ती मला म्हणायची, "ढोल्याला जरा हाक मार ना." ढोल्या कुठे? वीस पावलांवर. तिला त्याच्याशी काम काय? काहीच नाही. मी "ढोल्याऽऽ" म्हणून ओरडायची, तो "काय?" म्हणायचा, वहिनी म्हणायची, "काही नाही, राहू दे." दर कार्यक्रमाला! तेरा वर्षं! मला वाटायचं, वहिनीपणा गाजवून नणंदेला कामाला लावायची हौस, दुसरं काय. आणि हाक मारून झाली की ही बाई एक छोटी निळी वही काढायची, त्यात काहीतरी लिहायची आणि मी जवळ गेले की मिटायची.

पाणी कुठेतरी मुरत होतं. माझी खात्री झाली की हे तिघं मिळून मला काढणार. दुसरी कुणीतरी तरुण गायिका हेरून ठेवली असणार, तिच्याबरोबर बाथरूममध्ये फोनवर तालीम चालली असणार. हसताय काय? त्या वेळी मला हे अगदी तर्कशुद्ध वाटत होतं.

शेवटी एकदा वहिनी कीबोर्डच्या वायरी लावत असताना मी तिची वही उघडली. हो, उघडली. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला आईनं शिकवलं होतं, पण आईनं मला संशयाचं काय करायचं ते शिकवलं नव्हतं. आत काय होतं? तारीख, गावातलं कुठलं सभागृह, आणि समोर आकडा. उणे एक. उणे एक. उणे दोन. उणे एक. उणे दोन. पानंच्या पानं.

मी थंडच पडले. ही बाई मला मार्क देत होती! प्रत्येक कार्यक्रमाचे! आणि तेही शून्याच्या खाली! अहो, शाळेत गणिताच्या मास्तरांनीसुद्धा मला कधी शून्याच्या खाली नेलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी इरेला पेटले. सराव दुप्पट केला. पुढच्या कार्यक्रमात असं गायले, असं गायले की साउंडवाले काका जागचे उठून उभे राहिले. म्हटलं, आता दे मार्क. संधी साधून वही बघितली. उणे तीन!

मी तडक दादाला गाठला. म्हटलं, "तुझी बायको मला मार्क देते."

दादा म्हणाला, "तू तिची वही वाचलीस?"

"वाचली."

"सगळी?"

"आकडे वाचले."

"मग ठीक आहे," म्हणाला आणि गिटार उचलून बाथरूममध्ये गेला. आता "मग ठीक आहे" याचा अर्थ काय घ्यायचा माणसानं?

ही घंटी मात्र खरी होती. अध्यक्ष महाशय, मी ऐकलेली नाही.

मागच्या वर्षीची गोष्ट. शनिवारचा वर्ग चालू होता. चष्म्याच्या दुकानात काम करणारी माझी एक विद्यार्थिनी आहे, ती बघा, लपू नकोस गं, हात वर कर. तर ही गिटार शिकते. ती म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. तुमच्या जुन्या कॅसेटमधलं लिफ्ट आणि गेल्या महिन्यातल्या कार्यक्रमातलं लिफ्ट, दोन्हींबरोबर माझी गिटार जुळत नाहीये. पट्टी वेगळी आहे. नवं चार पायऱ्या खाली आहे." मी म्हटलं, तुझा फोन बिघडलाय. तिनं शेजारणीचा फोन घेतला. त्यातही चार पायऱ्या. मी म्हटलं, कॅसेटचा प्लेअर जलद फिरतोय. तिनं नंतर निघालेली सीडी लावली. पोरगी हुशार आहे आणि तिला कुठे थांबावं ते कळत नाही.

आता ज्यांना गाण्यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. कीबोर्डवर शेजारशेजारच्या दोन कीजमध्ये जेवढं अंतर, ती एक पायरी. आणि कीबोर्डवर एक बारीक बटण असतं, ट्रान्सपोज म्हणतात. ते एकदा दाबलं की वाजवणारा नेहमीच्याच कीज वाजवतो, पण सगळं गाणं एक पायरी खाली उतरतं. दोनदा दाबलं की दोन. गिटारवाल्याला मात्र सगळ्या तारा सैल कराव्या लागतात, आणि ते कुणाला कळू द्यायचं नसेल तर बाथरूममध्ये जाऊन कराव्या लागतात. आणि गाणारी? गाणाऱ्या माणसाला सूर लागलाय की नाही ते कळतं, पण ही पट्टी कोणती, हे माझ्यासारख्या बऱ्याच जणांना नुसतं ऐकून सांगता येत नाही. समोरून जो सूर येईल त्यावर मी चढत होते. मला वाटायचं मी तिसऱ्या मजल्यावर चढतेय. यांनी इमारतच खाली आणून ठेवली होती.

वर्ग अर्धा सोडून मी दादाच्या घरी गेले. भर दुपार. वहिनी इस्त्री करत होती.

"किती वर्षं?" मी विचारलं. नुसतं एवढंच. तिला कळलं.

"तेरा."

"किती पायऱ्या?"

"सध्या चार. वहीतले उणे चार."

"आणि ढोल्याला हाक मारायला लावायचीस ती?"

"तू ओरडलीस की कळतं. आज कुठवर जाईल, कुठे फुटेल. त्याप्रमाणे ठरवते."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

तिनं इस्त्री बंद केली. ढोल्याला माहीत. साउंडवाल्या काकांना माहीत. ढोल्याच्या सुनेला माहीत! लग्न होऊन आठ महिने नाही झाले त्या पोरीला, आणि तिला माहीत! सगळ्या जगाला माहीत आणि ज्या बाईनं आवाज टिकवण्याचं रहस्य छापून आणलं तिला तेवढं माहीत नाही.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर गायली असतीस?"

"नसते गायले."

"मग," म्हणाली वहिनी.

मी सांगितलं, पुढच्या कार्यक्रमात मूळ पट्टी. शून्य. आणि तिच्यावर विश्वास नव्हता म्हणून कार्यक्रमाआधी स्वतः जाऊन मी त्या बटणावर चिकटपट्टी लावली. काळी, जाड, दोन थरांची. तो कार्यक्रम आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला आहे. मी शेवटच्या ओळीला वर गेले आणि माझा आवाज फाटला. चांगला टराटर फाटला. आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. आजारी माणसाला आपण "बरे दिसताय" म्हणतो ना, तशा टाळ्या. छत्तीस वर्षांत तुमचा मला कधी राग आला नव्हता, त्या दिवशी आला.

आत खोलीत गेल्यावर मी वहिनीवर बरसले. म्हटलं, "बघत राहिलीस? काही केलं नाहीस?"

ती म्हणाली, "पट्टी तूच लावली होतीस."

"तेरा वर्षं दया येत होती ना माझी? बिचारी नणंद, जाऊ दे, गाऊ दे तिला, असंच ना?"

आणि मंडळी, छत्तीस वर्षांत पहिल्यांदा वहिनी चिडलेली मी पाहिली. म्हणाली, "दया कसली डोंबलाची? जुन्या पियानोची एखादी तार वर जाईनाशी झाली की बाबा ती ताणून तोडत नव्हते. बाकीचा सगळा पियानो तिच्यापाशी खाली आणायचे. त्यानं पियानो बेसूर होत नाही. बेसूर मला ऐकवत नाही, म्हणून उतरवत होते. तुझ्यावर उपकार म्हणून नाही."

बोलली आणि गेली. हे वाक्य तिनं तेरा वर्षं तयार करून ठेवलं असावं, असा मला संशय आहे. इतकं सरळ कुणी आयत्या वेळी बोलत नाही.

मग मी तिच्याशी सात महिने बोलले नाही. घसा बसलाय सांगून तीन कार्यक्रम रद्द केले. दादा निरोप घेऊन यायचा, मी निरोप देऊन पाठवायची. आणि एक दिवस दादानं निरोप आणला की वहिनी आता वाजवणं थांबवणार. बोटांचे सांधे धरलेत. डॉक्टरांनी सांगितलंय.

माझा विश्वास बसला? अजिबात नाही. म्हटलं, चोरी पकडली गेली म्हणून आता बोटं दुखतात. आणि मी काय केलं सांगू? मागच्या दोन वर्षांच्या सगळ्या कार्यक्रमांचे व्हिडिओ जमवले. ते बटण ती कधी दाबते, हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. रंगेहाथ पकडायचं होतं. चार दिवस पडदे ओढून बसले. गाण्यांकडे लक्षच नाही, नुसते तिचे हात बघत होते. तुम्हाला सांगते, छत्तीस वर्षं मी तिच्या पुढे उभी राहून गायले. तिचे हात मी असे कधी बघितलेच नव्हते.

बटण दाबताना ती मला दिसली नाही. लिफ्टच्या गाण्यातला तो सूर दिसला. दोन वर्षांपूर्वी ती तो तर्जनीनं धरायची. एक मिनिट झालं की बोट थरथरायचं, मग मधलं बोट. वर्षापूर्वी बोटं नव्हतीच, अंगठा. आणि त्या चिकटपट्टीच्या कार्यक्रमात? तिनं तळहाताची कड कीवर ठेवली होती आणि खांद्यानं भार दिला होता. चार मिनिटं. इकडे माझा आवाज फाटत होता आणि तिकडे ही बाई दात आवळून खांद्यानं तो सूर धरून उभी होती. मी वळले असते तर तिचा चेहरा दिसला असता. माझं लक्ष कुठे? बटणावरची चिकटपट्टी जागेवर आहे का, याच्यावर.

ती दर कार्यक्रमाला माझी एक हाक ऐकून ठरवायची की आज मला किती झेपेल. मी तिला एकदाही विचारलं नाही, की बाई गं, तुला झेपतंय का? विचारलं असतं तर गाणं चार मिनिटांचं दोन मिनिटांचं करता आलं असतं. कोण मरणार होतं? मला लाज वाटली, मंडळी. आजही वाटते आहे. मी तिच्या वहीवर पाळत ठेवली, तिच्या बोटांवर नाही.

मी गेले तिच्याकडे. काय बोलले ते सांगत नाही, कारण फारसं बोललेच नाही. चहा मी केला. ती कप दोन्ही तळहातांत धरून प्यायली, आणि मी बघतेय हे तिला कळल्यावर म्हणाली, "आता मेलीचा माझ्या हातांवर संशय."

आता माझ्या विद्यार्थिनींना सांगते. सगळ्यांसमोर सांगते, कारण एकेकीला सांगायचा धीर माझ्यात नाही. बायांनो, वाफ घ्या, गुळण्या करा, त्यानं वाईट काही होत नाही. पण माझा आवाज त्यानं परत आला नव्हता. तो परत आलाच नव्हता. तो माझ्या वहिनीनं माझ्यापाशी खाली उतरून शोधला होता. मी तुम्हाला नऊ वर्षं जे शिकवलं ते मला खरं वाटत होतं, पण ते खरं नव्हतं. येत्या शनिवारी ज्यांना यावंसं वाटेल त्यांनी यावं. न आल्यास कुणावर संशय घेणार नाही. प्रयत्न करीन.

आणि पुढच्या महिन्यापासून वहिनींच्या जागी वाजवणारी जी नवी मुलगी इथे बसली आहे, तिलाही सांगते. तुला ढोल्याच्या हाकेची भानगड करायची गरज नाही. मी स्वतः येऊन आकडा सांगेन. घाबरत घाबरत सांगेन, पण सांगेन. तू फक्त हसायचं नाहीस.

अध्यक्ष महाशय, तिसरी घंटी झाली, आवरते. वादक संघानं हा सत्कार घडवून आणला, सभागृहाच्या व्यवस्थापकांनी आम्हाला तालमीला सकाळपासून जागा दिली, साउंडवाल्या काकांनी तेरा वर्षं तोंड शिवून ठेवलं, दादानं इतकी वर्षं बाथरूमच्या थंड फरशीवर बसून तारा सैल केल्या आणि तुम्ही सगळे इथवर येऊन माझं ऐकत बसलात, या सगळ्यांची मी मनापासून आभारी आहे. तोंडाची मी फटकळ आहे. बोलण्याच्या भरात कुणाच्या मानपानात कसर राहिली असेल, कुणाला शब्द लागला असेल, तर नणंदेचं बोलणं म्हणून ते पोटात घाला.

आता कार्यक्रमपत्रिकेत छापलं आहे त्याप्रमाणे लिफ्टचं गाणं होईल. शेवटचं, वहिनींसोबत. फक्त दोन मिनिटांचं. कुणी चार मिनिटांचं मागायचं नाही, मी आधीच बजावून ठेवते.

वहिनी, चल, कीबोर्डपाशी बस. हो, बसूनच. टेबल खाली केलंय. आणि आता सगळ्यांच्या देखत मला सांग, आज किती? मान हलवू नकोस, मान मला कळत नाही. बोटं दाखव.

पाच?

पाच! ढोल्या, हसू नकोस. ऐकलंत ना मंडळी, आज लिफ्ट पाच पायऱ्या खाली आहे. दादा, तारा इथेच सैल कर, बाथरूम बंद केलंय.

मी या बाईला छत्तीस वर्षं ओळखते. तिनं दाखवली पाच. आत्ता माझं हे सगळं बोलणं ऐकून, माझा घसा मध्ये दोनदा भरून आला तो ऐकून, ती हळूच सहा दाबणार आहे, असा मला दाट संशय आहे. मी तिच्याकडे पाठ करून उभी राहते आहे, आणि वळून बघणार नाही. दाब, वहिनी.